कादंबरीची पटकथा करताना

एखादी कादंबरी वाचून मिटताच 'यावर चित्रपट व्हायला हवा' असे वाटते, तेव्हा तिच्यातली माणसे आणि प्रसंग मनात घोळत असतात. पटकथा लिहायला बसल्यावर मात्र पहिल्या आठवड्यातच ध्यानात येते, की आपल्याला धरून ठेवले होते ते प्रसंगांपेक्षा ते सांगणाऱ्या आवाजाने, आणि नेमका तो आवाजच कॅमेऱ्याला दिसत नाही. माध्यमांतराचे बहुतेक कष्ट या एका अडचणीपायी पडतात. पुढे दिलेली पद्धत मी कथा-कादंबऱ्यांवर आणि थोडीफार चित्रकथांवर काम करताना वापरत आले आहे. पहिल्यांदाच असे काम हाती घेणाऱ्याला ती उपयोगी पडावी, म्हणून तपशिलाने लिहिते.

लेखणी उचलण्याआधी हक्क

पुस्तक आवडले म्हणून लिहायला सुरुवात करू नये. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ प्रमाणे साहित्यकृतीवर लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनासाठी २०६१ अखेरपर्यंत हक्कधारकाची परवानगी लागेल. लेखकाच्या पश्चात प्रथमच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. मूळ पुस्तक खुले असले, तरी त्याच्या अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हेही विसरू नये.

हक्क घेताना करार लेखी आणि सहीचा असलाच पाहिजे; तोंडी संमतीला कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही. कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे स्पष्ट लिहावे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पुढच्या तरतुदीकडे: करारात वेगळे काही नमूद नसेल आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर तो आपोआप संपुष्टात येतो. मराठी चित्रपटाला निर्माता मिळून चित्रीकरण सुरू होईपर्यंत वर्ष सहज उलटते, त्यामुळे ही अट करारात शब्दांत बदलून घ्यावी.

माझी एक पूर्ण झालेली पटकथा आजही कपाटात पडून आहे. मूळ लेखकाने अतिशय आपुलकीने, चहाच्या टेबलावर, 'करा, माझी काही हरकत नाही' असे सांगितले होते आणि त्या आपुलकीपुढे कागद पुढे करणे मला प्रशस्त वाटले नाही. ते गेल्यावर वारसांपैकी एकाची संमती मिळाली नाही आणि दीड वर्षाचे काम तिथेच थांबले. वारसांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना दाखवण्याचा कागदच माझ्याजवळ नव्हता.

तीन वाचने

पहिले वाचन पेन्सिल न घेता, वाचकासारखे करावे. ते संपल्यावर पुस्तक बाजूला ठेवून जे आठवते ते तीन-चार पानांत लिहून काढावे. आपली आठवण ही पहिली चाळणी असते. जी पात्रे त्या पानांत उतरलीच नाहीत, ती बहुधा पटकथेतही नसतील.

दुसरे वाचन पेन्सिलने. समासात तीन प्रकारच्या खुणा कराव्यात: जे दिसते, जे ऐकू येते आणि जे केवळ कळते. 'तो दारात उभा राहिला' हे दिसते. 'लांबून रेल्वेची शिटी आली' हे ऐकू येते. 'त्या दिवसापासून तो कुणाशी मनमोकळे बोलला नाही' हे केवळ कळते. चांगल्या कादंबरीत तिसऱ्या प्रकारच्या खुणा इतक्या होतात, की छाती दडपते. खरे काम याच खुणांवर करायचे असल्यामुळे त्या प्रामाणिकपणे कराव्यात.

तिसरे वाचन फक्त काळ आणि स्थळ यांसाठी करावे. कादंबरी मागे-पुढे जात असेल, तर सर्व घटना प्रथम घडल्या त्या क्रमाने मांडून घ्याव्यात आणि पडद्यावरचा क्रम नंतर ठरवावा. याच वेळी लांबीचाही अंदाज घ्यावा. रूढ पद्धतीने लिहिलेल्या पटकथेचे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते. तीनशे पानांची कादंबरी मोठ्याने वाचायला आठ-दहा तास लागतील, आणि आपल्याजवळ दोन तास आहेत.

निवेदकाचे काय करावे

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चा विचार करा. आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी त्यांची बैठक, शिरोडकरवर जडलेला जीव, एवढे कथानक चार ओळींत सांगून होते. वाचकाला जखडून ठेवतो तो गोष्ट सांगणाऱ्या मुकुंदचा आवाज, त्याचे मोठ्या माणसांना निरखणे आणि त्या वयाची खास बोली. सुजय डहाके यांच्या चित्रपटासाठी अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अशा अवघड जातीच्या पुस्तकासाठी मिळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे पार्श्वनिवेदन. पात्राच्या आवाजात पुस्तकातलीच वाक्ये ऐकवायची. हा उपाय निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही, परंतु तो शेवटी वापरावा. प्रथम मसुदा एकाही ओळीच्या निवेदनाशिवाय लिहावा आणि मगच, जिथे चित्र आणि निवेदन एकमेकांपेक्षा वेगळे काही सांगत असतील, अशाच जागी ते परत आणावे. पडद्यावर जे दिसते आहे तेच आवाजही सांगत असेल, तर दोहोंपैकी एक फुकट गेले.

प्रत्यक्ष कसे करायचे, ते एका उदाहरणाने दाखवते. पुढचे वाक्य कोणत्याही पुस्तकातले नाही, मी सरावासाठी रचलेले आहे:

'वडील गेल्यानंतर घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. पण आईने आम्हा भावंडांना ती कधी जाणवू दिली नाही, आणि ती तिने कशी लपवली हे मला कळायला वीस वर्षे जावी लागली.'

या वाक्यात तीन गोष्टी आहेत: ओढाताण, लपवणे आणि उशिरा आलेली समज. नवखा पटकथाकार पहिल्या गोष्टीकडे धावतो. आई रात्री कंदिलाशी नाणी मोजते आहे, आई पदराला डोळे पुसते आहे, असली दृश्ये लगेच सुचतात. ती वाक्याच्या विरुद्ध जातात, कारण मोजलेली नाणी आणि पुसलेले डोळे पाहून प्रेक्षकाला फक्त ओढाताण दिसते; वाक्याचा जीव आहे तो लपवण्यात. म्हणून अशी वस्तू शोधावी लागते, जी प्रेक्षकाला खरे सांगेल आणि मुलांना खोटे. पुष्कळ विचारांती मला दुधाचे पातेले सापडले.

दृश्य १४. अंतर्गत. स्वयंपाकघर. पहाट.
बाहेर दूधवाल्याची सायकल थांबल्याचा आवाज. आई ओट्यावरच्या मोठ्या पातेल्याला हात घालते. थांबते. ते खाली ठेवते, फळीवरून लहान पातेले उतरवते आणि दाराकडे जाते.

दृश्य १५. अंतर्गत. स्वयंपाकघर. सकाळ.
गॅसवर लहान पातेल्यात दूध काठोकाठ वर येते.
धाकटी (९ वर्षांची): आई, उतू जातंय!
आई (गॅस बारीक करत): भरपूर आहे ना, म्हणून.

रतीब निम्मा झाला, पण पातेले भरलेलेच राहिले. मुलीला भरलेले पातेले दिसते. प्रेक्षकाला पातेले बदललेले दिसते. हे साधण्यासाठी वडील हयात असतानाच्या एखाद्या दृश्यात मोठे पातेले, कुणाचे लक्ष जाणार नाही अशा बेताने, पेरून ठेवावे लागेल. राहिली वीस वर्षांनी आलेली समज. मोठी झालेली मुलगी घर आवरताना लहान पातेले मोठ्यात ठेवते, ते आत सहज बसते, आणि तिचा हात तसाच थांबतो. तिथे एकही शब्द नको. कादंबरीत एका वाक्याने केलेल्या कामासाठी पटकथेत चार जागी मिळून जेमतेम दीड मिनिट लागले, आणि अभिनेत्रीला करण्यासारखे काही मिळाले.

प्रत्येक 'केवळ कळते' वाक्यासाठी इतका वेळ देता येत नाही. अशी वीस-पंचवीस वाक्ये निवडावीत, ज्यांच्यावाचून ते पुस्तक ते पुस्तक राहणार नाही, आणि उरलेली सोडून द्यावीत. काही पुस्तके या बाबतीत जात्याच उदार असतात. आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये पिळदार देहाच्या गुणाला तमाशात नाच्या व्हावे लागते. त्याच्या मनातला झगडा त्याच्या शरीरावरच उमटतो. रवी जाधव यांच्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी शरीर आधी भरून आणि मग उतरवून हेच दाखवले. साने गुरुजींच्या श्यामला न्हाऊन झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून आईचा पदर धोंड्यावर पसरलेला हवा असतो, आणि त्यावर ती त्याला मनही तसेच जपायला सांगते. या प्रसंगात उपदेशाच्या आधी डोळ्यांसमोर पदर आहे, धोंडा आहे, ओली पावले आहेत. असे प्रसंग वाचनातच ओळखावेत आणि शक्यतो जसेच्या तसे ठेवावेत.

गाळणे, जोडणे, बदलणे

'श्यामची आई'त ४२ रात्री आहेत आणि प्रत्येक रात्र आपापल्या जागी पूर्ण आहे. वाचकाला हे सोयीचे असते, कारण तो रोज एक रात्र वाचून थांबू शकतो. प्रेक्षक थांबत नाही. त्याला एका प्रसंगातून दुसऱ्यात ओढून नेणारे सूत्र लागते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. तो पुस्तक शेजारी ठेवून, कोणती रात्र घेतली आणि कोणती सोडली याची नोंद करत पाहावा. एका दुपारचा हा अभ्यास महिन्याच्या शिकवणीइतका उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

जोडण्याचे सर्वोत्तम मराठी उदाहरण म्हणजे 'सिंहासन' (१९७९). अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली आणि जब्बार पटेल यांनी ती दिग्दर्शित केली. मुख्यमंत्री, बंडखोर मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, असे कितीतरी धागे तिच्यात आहेत. ते सुटत नाहीत, कारण दिगू टिपणीस हा पत्रकार या सर्व घरांत आणि कार्यालयांत जाऊ-येऊ शकतो. अनेक धाग्यांची कादंबरी हाती असेल, तर 'सर्व दारे कुणाला उघडी आहेत?' हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्या माणसाचे महत्त्व पुस्तकात कितीही कमी असले, तरी पटकथेत त्याला पुढे आणावे. निळू फुले यांच्या दिगूचे शेवटचे हसू आठवले, की साक्षीदार हेच मुख्य पात्र कसे होते, ते समजते.

लघुकथेत अडचण उलट असते. तिथे भर घालावी लागते. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' या कथेत बुद्धिबळात बुडालेले दोन सरदार आहेत आणि अवधचे राज्य जाण्याची हकिगत मागे, थोडक्यात येते. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये चित्रपट करताना अवधचा नवाब वाजिद अली शाह आणि तिथला इंग्रज रेसिडेंट जनरल औट्रम यांचा पूर्ण वेगळा पदर उभा केला आणि शेवट बदलला. कथेत दोघे मित्र एकमेकांना तलवारीने मारतात. चित्रपटात ते मरत नाहीत, इंग्रजी नियमांनी नवा डाव मांडतात. मला हा बदल मूळ कथेशी एकनिष्ठ वाटतो. राज्यासाठी न उपसलेली तलवार डावासाठी उपसली गेली, हा प्रेमचंदांचा घाव. राज्य गेले तरी डाव थांबला नाही, हा रायांचा. दोन्ही घाव एकाच जागी बसतात. शेवट बदलण्याचा मोह झाला, की हीच कसोटी लावावी: मूळ शेवट वाचकाला जिथे लागतो, तिथेच नवा शेवट प्रेक्षकाला लागतो का? लागत नसेल, तर बदल आपल्या सोयीसाठी झाला आहे असे समजावे.

चित्रकथा हाती आली तर

चित्रकथा म्हणजे आयता स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधी दृश्यांची काढलेली चित्रमालिका, असा समज सर्वत्र आढळतो आणि त्याने बरेच नुकसान होते. चित्रकथेतल्या दोन चौकटींमधली रिकामी पट्टी वाचक मनाने भरतो. पहिल्या चौकटीत मुलगा झाडावर आणि दुसरीत जमिनीवर, पायाला बँडेज. पडणे कुठेच काढलेले नसते आणि हसू त्याच पट्टीत असते. चित्रपटात ते पडणे दाखवले तर गंमत जाते, आणि नुसता कट दिला तर किती क्षण थांबून द्यायचा, हे ठरवावे लागते. चौकटी मोजण्यापेक्षा या मधल्या पट्ट्यांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे 'दाखवायचे', 'ऐकवायचे' किंवा 'वगळायचे' असे लिहावे.

वर्तमानपत्री चित्रमालिकेची अडचण आणखी वेगळी असते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज भेटत राहिला, पण त्याचे वय वाढले नाही. तीन-चार चौकटींत विनोद पूर्ण होई आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असे. दोन तासांसाठी अशा पात्राला एक लांब पल्ल्याची इच्छा आणि एक खरा अडथळा द्यावा लागतो. श्रीरंग गोडबोले यांच्या २०१२ च्या 'चिंटू' चित्रपटात मुलांच्या खेळाच्या मैदानावरच संकट आणले, ते याच कारणाने. मुलांच्या जगात मैदानापेक्षा मोठे काही नसते, त्यामुळे पात्राचा स्वभाव न बदलता गोष्ट मोठी करता आली.

रेषेचा प्रश्नही आधीच सोडवावा. मार्जान सत्रापी यांनी 'पर्सेपोलिस' या आपल्या चित्रकथेचा चित्रपट २००७ मध्ये सहदिग्दर्शिका म्हणून केला, तेव्हा पुस्तकातली काळी-पांढरी रेषा सजीवपटात (ॲनिमेशनपटात) बऱ्याच अंशी तशीच राखली. खरी माणसे घेऊन चित्रीकरण करायचे असेल, तर रेषेतले नाक-डोळे शोधत बसू नये. उभे राहण्याची ढब, चालण्याची लय आणि केसांची ठेवण जुळली, की वाचक पात्र ओळखतो. हक्कांच्या बाबतीत इथे अधिक सावध राहावे, कारण लेखक आणि चित्रकार दोन असतात आणि नोकरीत असताना काढलेल्या चित्रांचा हक्क प्रकाशकाकडे असू शकतो.

वनलाइन, संवाद आणि मसुदा

एवढी तयारी झाल्यावर वनलाइन करावी, म्हणजे प्रत्येक दृश्य एका-दोन ओळींत लिहून क्रम लावावा. मी पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद वापरते आणि ते जमिनीवर मांडते. मध्यंतर कुठे येते, ते चालत जाऊन पाहता येते. आपल्याकडे मध्यंतर असते, ही गोष्ट परदेशी पुस्तकांवरून पटकथा शिकलेले लोक विसरतात. कादंबरीत मध्यावर काही घडतेच असे नाही, पण पडद्यावर दिवे लागण्याआधी प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न सोडावाच लागतो.

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेये वेगळी लिहिण्याची रीत आहे, आणि ती कामाच्या क्रमालाही लागू पडते. संवाद सर्वांत शेवटी लिहावेत. पुस्तकातले संवाद उतरवताना ते मोठ्याने म्हणून पाहावेत. पानावर डौलदार वाटणारे वाक्य तोंडात घेतल्यावर अनेकदा लांबते. बोलीचे भान विशेष ठेवावे. माणदेशी किंवा मालवणी बोलीतला अनोळखी शब्द वाचक पुन्हा वाचून समजून घेतो, प्रेक्षकाला ती सवलत नसते. म्हणून बोलीचा हेल, क्रियापदांची रूपे आणि हाका मारण्याची रीत पूर्ण राखावी, आणि अनोळखी शब्द अशा जागी ठेवावा जिथे त्याचा अर्थ पात्राच्या हातातल्या वस्तूवरून कळेल.

पहिला मसुदा लिहिताना पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवावे. नोंदी जवळ असू द्याव्यात, पुस्तक नको, कारण ते हाताशी असले की लेखकाचे सुंदर वाक्य कसेतरी बसवण्याचा मोह आवरत नाही. मसुदा पूर्ण झाल्यावर तो मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावा आणि मगच दोन माणसांना वाचायला द्यावा: एक पुस्तक वाचलेला, दुसरा त्याचे नावही न ऐकलेला. दोघांना स्वतंत्रपणे भेटावे. पुस्तक न वाचलेला जिथे 'हा कोण?' किंवा 'हे का झाले?' असे विचारील, तिथे आपण नकळत पुस्तकावर विसंबलो आहोत; त्या जागा प्रथम दुरुस्त कराव्यात. वाचलेला माणूस काय राहून गेले ते सांगेल आणि त्याची यादी लांब असेल. त्या यादीतल्या ज्या गोष्टी आपल्या पहिल्या, पुस्तक मिटून लिहिलेल्या तीन-चार पानांतही होत्या, तेवढ्याच पुन्हा विचारात घ्याव्यात. त्यानंतर मसुदा मूळ लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे पाठवावा, आणि सोबत एक स्वतंत्र कागद जोडावा, ज्यावर पुस्तकातले काय बदलले आणि प्रत्येक बदल कशासाठी केला, ते आपल्या हस्ताक्षरात लिहिलेले असेल.